दमलेल्या स्नायूचा उसासा

पहिल्या भेटीत सरांनी मला नमस्कार केला नाही, माझा दंड दाबून पाहिला. कोपरगावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून मी त्या दिवशी रुजू झालो होतो आणि शिक्षकांच्या खोलीत टोपी सावरत उभा होतो. एक उंच, जरासे वाकलेले, कोटाच्या दोन्ही खिशांत काचेच्या नळ्या खोचलेले गृहस्थ जवळ आले, दंडापासून मनगटापर्यंत चाचपत गेले आणि म्हणाले, "हा हात दिवसभर चालतो, पण ओझं उचलत नाही. शिंपी आहात का?"

"चित्रकला शिकवायला आलोय."

"तेच ते," असं म्हणून ते आले तसे निघून गेले.

मला राग आला. मी मुंबईला परीक्षा देऊन, सर्टिफिकेट घेऊन आलो होतो, कुणाच्या सदऱ्याची बटणं लावायला नाही. पण पुढे सहा वर्षं आम्ही एका शाळेत काढली, आणि त्या सहा वर्षांत त्यांना माझं नाव लक्षात राहिलं नाही ते नाहीच. "अहो चित्रकार" अशीच हाक. माझ्या उजव्या हाताविषयी मात्र आपल्याला सगळं ठाऊक आहे, अशी त्यांची खात्री होती. माझीही तशीच होती. आम्हा दोघांनाही त्या हाताविषयी काडीची माहिती नव्हती.

सर शाळेत शास्त्र शिकवत. गाव त्यांना बेडूकमास्तर म्हणे. तरुणपणी त्यांनी मुंबईला स्नायूंवर संशोधन केलं होतं. स्नायू आखडतो कसा, सैल पडतो कसा, दमतो म्हणजे त्याच्या आत नेमकं काय होतं, याचा त्यांना ध्यास होता. विलायतेला जायचं ठरत होतं. तेवढ्यात इकडे वडील अंथरुणाला खिळले, सर सहा महिन्यांसाठी म्हणून कोपरगावला आले, शाळेत चिकटले, वडील पुढे आठ वर्षं जगले आणि मग युद्ध सुरू झालं. सरांनी याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. ते एवढंच म्हणत, "बेडूक इथेही आहेत."

त्यांचा एक प्रश्न गावात सगळ्यांना पाठ होता. कुणी हुश्श करून बसलं की सर विचारणार, "दमलात की कंटाळलात?" दमणं वेगळं आणि कंटाळणं वेगळं, हा त्यांचा सिद्धांत होता. दमतो तो स्नायू. कंटाळतो तो माणूस. जगातली निम्मी दमणूक म्हणजे कंटाळा असतो आणि माणसं उगीच स्नायूंवर आळ घेतात, असं ते पोटतिडकीने सांगत. पोरं कवायतीला कुरकुरली की सर मैदानात जाऊन एकेकाची पोटरी दाबत आणि ड्रिलमास्तरांना निकाल सांगत: "हा दमलाय, ह्याला बसवा. हा कंटाळलाय, ह्याला पळवा."

एकदा हेडमास्तरांनी सभा घेतली आणि सगळ्यांनी थोडं अधिक काम केलं पाहिजे म्हणून तासिका वाढवायचं काढलं. सर उठले, बाहेरून एक वीट घेऊन आले आणि अदबीने म्हणाले, "हात सरळ पुढे धरून, ही वीट तळव्यावर घेऊन बोलावं." हेडमास्तर मूळचे तालमीतले. आव्हान म्हणून त्यांनी वीट घेतली. शिस्तीवर बोलेपर्यंत हात ठीक होता, कर्तव्यावर आले तेव्हा कोपर थरथरू लागलं, आणि त्यागापर्यंत पोचले तेव्हा वीट टेबलावर पडून शाईची दौत फुटली. "बघा," सर म्हणाले, "वीट तीच आहे. वजन वाढलेलं नाही." तासिका वाढल्या नाहीत. हेडमास्तरांनी ते मनावर घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मात्र आपल्या खोलीतल्या माठात सरांनी दोन बेडूक सोडलेत हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी ते मनावर घेतलं. "शाळेत सगळ्यात गार जागा तीच आहे," सरांनी कारण सांगितलं, आणि वर, "पाणी प्यायला हरकत नाही. मी त्यांना धुऊन ठेवलंय."

घरीही तेच. वहिनी जात्यावर दळायला बसल्या की सर वही घेऊन समोर बसत आणि जात्याचे वेढे मोजत. हात मंदावला की खूण करत. एके दिवशी त्यांना नवाच शोध लागला. हात अगदी मंदावलेला असताना ते सहज म्हणाले, "अक्का येतीय पुढच्या महिन्यात राहायला," आणि जातं एकदम गरगर फिरायला लागलं. वहिनी मला सांगत होत्या, "ह्यांनी लगेच लिहून घेतलं. ह्यांच्या वहीत वन्संचं नाव आहे हो. माझं नाही. माझा नुसता हात आहे."

शाळेच्या मागच्या अंगाला एक अडगळीची खोली होती. ती सरांची प्रयोगशाळा. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो काजळीमुळे. सरांनी एक यंत्र स्वतः जुळवलं होतं. जुन्या ग्रामोफोनच्या चावीवर फिरणारा एक पत्र्याचा डबा, त्यावर गुळगुळीत कागद घट्ट बसवलेला, आणि तो कागद दिव्यावर धरून काळाकुट्ट केलेला. डब्याशेजारी एका खिळ्याला बेडकाच्या पोटरीचा स्नायू टांगलेला. बेडूक गेला तरी त्याचा स्नायू मिठाच्या पाण्यात भिजवत ठेवला की कित्येक तास जिवंत राहतो, हे मला तिथे कळलं. स्नायूच्या खालच्या टोकाला दोऱ्याने गवताची एक हलकी काडी बांधलेली, आणि काडीचं टोक काजळीला टेकलेलं. पितळी खटका दाबला की विजेचा बारीकसा झटका बसे, स्नायू आखडे, काडी वर जाई, आणि काळ्या कागदावर पांढरी टेकडी उमटे. स्नायू सैल पडला की टेकडी उतरे. पुन्हा खटका, पुन्हा टेकडी. दिवसभरात काळ्या कागदावर सह्याद्री उभा राही.

अडचण एवढीच की त्या काजळीला बोट लागलं की सह्याद्री पुसला जाई. सर महिन्याभराचं काम कोटाच्या बाहीने पुसून बसले होते. कोळशाची चित्रं पक्की करायला मी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून वापरतो, हे त्यांना शिपायाकडून समजलं आणि त्यांनी मला वर्गातून ओढत नेलं. मी त्यांचा कागद त्या द्रावणात बुडवून वाळत घातला. सकाळी टेकड्यांवरून बोट फिरवलं, काही पुसलं नाही. सर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मला शिंप्याची गोष्ट विसरावी लागली.

तेव्हापासून रोज चारनंतर मी तिथे. कागद काळे करायचे, पक्के करायचे, सूक्ष्मदर्शकातून दिसतं ते काढायचं. यावरून आमची भांडणं होत. स्नायूचा तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, आणि तिच्यात केंद्रकं मात्र पुष्कळ. सर सांगत, "एका पेशीत एकच केंद्रक असावं, हा सभ्य रिवाज. इथे एका घरात शंभर कारभारी, आणि तरी कारभार चालतो. आपल्या नगरपालिकेला दाखवलं पाहिजे." ती केंद्रकं मी फार सुंदर काढत असे, एका बाजूने छाया देऊन, गोलाई दाखवून. सर चित्र बघून उखडत.

"ही सावली कुठून आली?"

"त्याशिवाय उठाव येत नाही, सर."

"पेशीच्या आत ऊन पडतं का? जे दिसतं ते काढा. सुंदर दिसलं तर माझी हरकत नाही, पण तुम्ही करू नका."

मी रागावून घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी चारला परत येई. खरं सांगायचं तर त्या गावात माझ्या रेषेकडे इतकं निरखून बघणारा दुसरा माणूस नव्हता.

बेडूक आणायचं काम गंगूबाईकडे. ती नदीवर मासे धरी आणि बाजारच्या दिवशी विकी. उन्हाळ्यात बेडूक मिळेनासे झाले की ती पाटाच्या कडेने हिंडून आणी. प्रयोग झाल्यावर सर त्या बेडकाला परसात लिंबाच्या झाडाखाली पुरत आणि अंघोळ करत. ह्या खतावर ते झाड असं काही फळलं होतं की वहिनींकडची लिंबं म्हणजे नारिंगंच. गावातले नवखे लोक मागून नेत. आम्ही माहीतगार मंडळी लिंबू चालत नाही म्हणून सांगत असू.

खटका दाबायचं काम माझ्याकडे कसं आलं ते आठवत नाही. सरांना स्वतःला काडीच्या टोकाकडे बघायचं असे. नाक कागदाला टेकेल इतके ते वाकत आणि म्हणत, "दाबा." मी दाबी. "दाबा." मी दाबी. असं तास तास. खटक्याकडे बघायची गरज नव्हती, मी खिडकीबाहेर बघत दाबत असे.

आणि एके दिवशी सर एकदम सरळ झाले. कागदावर नेहमीच्या टेकड्या होत्या, पण पन्नासेक टेकड्यांनंतर प्रत्येक टेकडीच्या उतारावर एक बारीकसा उंचवटा दिसू लागला होता. मोठी टेकडी, ती उतरता उतरता एक इवलीशी गाठ, मग सपाट. सुरुवातीच्या टेकड्यांना तो नव्हता. स्नायू दमल्यावरच येत होता.

"चित्रकार, हे कुठल्याच पुस्तकात नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "दमलेला स्नायू सैल पडता पडता पुन्हा एकदा आखडतोय. आपण दमल्यावर उसासा टाकतो ना, तसा."

तेव्हापासून त्याला आम्ही उसासाच म्हणू लागलो. दोन वर्षं आम्ही त्या उसाशामागे होतो. उन्हाळ्यात, थंडीत, नर बेडूक, मादी बेडूक. उसासा हमखास येई. फक्त एकदा मला ताप आला म्हणून सरांनी संस्कृतच्या शास्त्रीबुवांना खटक्यावर बसवलं, तेव्हा शंभर टेकड्या झाल्या तरी उसासा नाही. सरांनी चौकशी केली तेव्हा कळलं, त्या दिवशी गंगूबाईने बेडूक पाटातून नाही, विहिरीतून आणला होता. झालं. विहिरीतल्या बेडकाला उसासा नसतो, अशी सरांनी नोंद केली आणि त्याची कारणंही लिहिली, चांगलं दीड पान. बसून राहणारं पाणी, हालचालीला जागा नाही, स्नायूत दम नाही. गंगूबाईला ताकीद मिळाली.

"बेडूक त्यो बेडूकच हाय की, सर," ती म्हणाली. "हिरीतला काय अन् पाटातला काय. उड्या तर सारख्याच मारतो."

"तुला नाही कळायचं ते."

"व्हय, मला न्हाई कळत. पन बेडकाला तरी कुठं म्हाईत हाय, त्यो हिरीतला का पाटातला?"

सर हसले. मीही हसलो. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण त्या खोलीत त्या दिवशी शास्त्रज्ञासारखं बोलणारी एकटी गंगूबाईच होती.

सरांनी निबंध लिहिला. आकृत्या मी काढल्या, सावली न देता. निबंध शास्त्रीय मासिकाकडे गेला, तिथून तो बंगलोरच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांकडे वाचायला गेला, आणि त्यांचं पत्र आलं. ते नवी प्रयोगशाळा उभारत होते. मुंबईला जाताना वाट वाकडी करून आपण कोपरगावला उतरू, हा उसासा स्वतःच्या डोळ्यांनी पाहू, आणि तो दिसला तर आमच्या प्रयोगशाळेत तुमच्यासाठी जागा आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. सरांनी ते पत्र मला दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि पुन्हा काढून दाखवलं.

प्राध्यापक यायच्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी मला फळ्यावर रंगीत खडूंनी स्वागताची अक्षरं काढायला लावलं. शाळा भरायची होती, सगळीकडे शांतता होती. मी एक रेघ ओढली आणि आवाज आला: टक. आणि लगेच, जरा हलका: टिक. दुसरी रेघ. टक, टिक. मी थांबलो. खडूकडे पाहिलं. रेघ संपली की माझा हात किंचित उचलला जात होता आणि टोकाला पुन्हा एक हलका स्पर्श करून मगच सुटत होता. लहानपणापासून मी रेघेचं टोक असंच बंद करतो. आमच्या गुरुजींनीच लावलेली सवय. ब्रश असो, पेन्सिल असो, खडू असो.

खटका असो.

मी फळ्यासमोर तसाच उभा राहिलो. सुरुवातीला लक्ष देऊन दाबत असे तेव्हा एकच ठोका पडत होता. पन्नासेक वेळा दाबल्यावर मन खिडकीबाहेर जाई, हात आपल्या वळणावर जाई, आणि खटक्याला दुसरा, ओझरता स्पर्श होई. विजेचा दुसरा, कच्चा झटका बसे. बिचारा स्नायू दुसऱ्यांदा जरासा आखडे. पाट, विहीर, उन्हाळा, थंडी, सगळं व्यर्थ. शास्त्रीबुवांच्या बोटाला ती सवय नव्हती, एवढंच.

अर्धवट अक्षरं तशीच टाकून मी सरांच्या घरी धावलो. सर न्हाणीघरात होते, आतून कसलं तरी स्तोत्र मोठमोठ्याने चाललं होतं. वहिनींनी परटाकडून आलेला कोट दारावर टांगला होता आणि त्याच्या खिशातून काचेच्या नळ्या काढून ठेवत होत्या.

"वहिनी, मला सरांशी जरा बोलायचंय."

"आज बोलतायत तोवर बोलून घ्या," त्या हसून म्हणाल्या. मग हसू आवरून हळूच म्हणाल्या, "भावजी, खरं सांगू का? मला बंगलोर नको नि काही नको. पण बारा वर्षं हे त्या खोलीत एकटेच बोलतायत. आम्ही हो ला हो म्हणतो, तुम्ही चित्रं काढता. ह्यांना कळेल असं उलटून बोलणारं माणूस नाही इथे. तिथे चार तरी भेटतील."

सर बाहेर आले, ओल्या अंगानेच विचारलं, "काय चित्रकार, फळा झाला का?"

"होतोय," मी म्हणालो आणि परत गेलो.

त्या दिवशी मी काय ठरवलं ते लपवत नाही. दोन वर्षं अजाणता केलं ते आज जाणूनबुजून करायचं. चूक होती तिचं खोटं झालं, हे मला त्या क्षणीही कळत होतं.

प्राध्यापक म्हणजे छोटेखानी, गोड बोलणारे गृहस्थ होते. टांग्यातून उतरल्यावर सरांनी त्यांचाही दंड दाबून पाहिला आणि त्यांनी तो आनंदाने दाबू दिला. प्रयोग सुरू झाला. ते दोघे डोक्याला डोकं लावून काडीकडे बघत होते. "दाबा." मी दाबलं. पन्नास टेकड्या झाल्या, साठ झाल्या. आता हाताने आपल्या वळणावर जायला हवं होतं, पण मी त्याच्यावर डोळे रोखून बसलो होतो, त्यामुळे तो नवऱ्यामुलासारखा अवघडला होता. सत्तर झाल्या. सरांच्या मानेवर घाम आला. मग मी डोळे मिटले आणि मुद्दाम दुसरा ठोका दिला. घाबरल्यामुळे तो जोरात पडला. कागदावर उमटला तो उसासा नव्हता, चांगला हंबरडा होता.

प्राध्यापक खूष झाले. "इतका ठळक असेल अशी कल्पना नव्हती," असं इंग्रजीत दोनदा म्हणाले. बटाटेपोहे झाले, हेडमास्तरांचं भाषण झालं, विटेशिवाय. संध्याकाळच्या गाडीला आम्ही त्यांना बसवून दिलं. गाडी हलताना ते खिडकीतून म्हणाले, "जूनमध्ये या." सर फलाटावर टोपी हातात घेऊन उभे राहिले ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

टांग्यात बसल्यावर त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आजचा उसासा फार मोठा होता. असा कधीच आला नव्हता. का आला असेल? खोलीत तीन माणसं होती, उष्मा जास्त होता. निबंधात एक परिच्छेद घालावा लागेल." आणि खिशातून पेन्सिल काढून त्यांनी वही उघडली.

दुसरं काही असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण तो माणूस माझ्या खोट्यावर आता खरी मेहनत करायला बसला होता, ते मला बघवेना.

"सर," मी म्हणालो, "स्नायू दमत नव्हता. मी कंटाळत होतो."

मी सगळं सांगितलं. खडू, रेघेचं टोक, दुसरा ठोका. सर ऐकत राहिले. पेन्सिल वहीवर तशीच होती.

"कधीपासून माहीत आहे?"

"सकाळपासून."

"म्हणजे दुपारचं तुम्ही मुद्दाम..."

"हो."

त्यांनी वही मिटली. टांगेवाल्याला म्हणाले, "घरी नको. शाळेकडे घे."

"सर, शाळा तर सुटली की," टांगेवाला म्हणाला.

"आमची भरायचीय."

मिठाच्या पाण्यात स्नायू अजून जिवंत होता. सरांनी मला खटक्यावर बसवलं आणि त्या दोन वर्षांत पहिल्यांदा ते काडीकडे पाठ करून माझ्या बोटाकडे तोंड करून बसले. "दाबा." एकच ठोका. "दाबा." एकच. कुणी नाक लावून बघत असलं की कुठलं बोट सवयीने वागेल? तीसचाळीस टेकड्या अगदी स्वच्छ निघाल्या. मग सर सहज म्हणाले, "मागच्या आठवड्यातली तुमची केंद्रकं अगदी बेंगरूळ होती."

"बेंगरूळ? सर, तुम्ही सावली देऊ देत नाही, म्हणून ती चपटी दिसतात."

"चपटी आहेतच ती."

"चपटी असतील तर मग माझ्याकडून काढून कशाला घेता, शिपायाला सांगा, तो काजळीचं बोट उठवून देईल," मी तावातावाने बोलत होतो आणि हात चालू होता. सरांनी माझ्या बोटाकडे बोट दाखवलं. टक, टिक. टक, टिक. कागदावर उसाशांची रांग लागली होती.

सर हसायला लागले. आधी बारीक, मग खांदे गदगदून, मग डोळे पुसत. "विहिरीतला बेडूक निर्दोष," ते म्हणत होते. "दीड पान लिहिलं मी त्याच्यावर, दीड पान. गंगूबाईची माफी मागायला हवी." आणि त्यांनी ती बाजारात, सगळ्यांसमोर, खरोखर मागितली. ती म्हणाली, "जाऊं द्या सर, बेडकानं काय मनावर घ्येतलं नसंल." पण ते नंतर. त्या संध्याकाळी हसू संपल्यावर सर स्टुलावर बसले आणि कितीतरी वेळ आपल्या यंत्राकडे बघत राहिले. त्या बसण्याचं वर्णन करायचं मी टाळतो.

मग त्यांनी दौत ओढली आणि पत्र लिहायला घेतलं. निबंध मागे घेतो, दिसलेला उंचवटा स्नायूचा नाही.

मी म्हणालो, "सर, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. निदान जूनपर्यंत थांबा. तिथे गेल्यावर दुसरं काहीतरी शोधाल."

"त्यांनी काडी पाहिली. बोट पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही, आणि पाहायचं काम माझं होतं."

"मग माझं नाव तरी लिहा. मी मुद्दाम केलं, असं लिहा."

"उसाशाला दोन वर्षं झाली, चित्रकार. तुमच्या खोट्याला एक दुपार. दोन वर्षांची चूक माझी आहे, ती मी सांगतो." त्यांनी पाकीट बंद केलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमच्या वाटेवर पेटी आहे. टाका."

पेटीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. ते पाकीट हरवणं सोपं होतं, आणि सरांनी पुन्हा विचारलंही नसतं, इतका त्यांचा विश्वास होता. त्याच दुपारी मी त्यांना फसवलं असताना त्यांनी ते माझ्याच हातात दिलं होतं. मी पाकीट पेटीत टाकलं आणि भर रस्त्यात मला रडू आलं.

बंगलोरहून चार ओळींचं उत्तर आलं. प्रांजळपणाबद्दल आभार, प्रकृतीस जपावे. जूनचा उल्लेख नव्हता. जून आला आणि शाळा सुरू झाली.

वहिनी मला एकदाच बोलल्या. मी त्यांच्याकडे कसलीशी वही आणायला गेलो होतो. त्या दळत होत्या. जातं थांबवून त्यांनी विचारलं, "भावजी, तुम्ही टांग्यात बोलला नसतात तर?" आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होत्या. मी वही घेतली आणि निघालो. आज माझे केस पिकले आहेत, सर गेले, वहिनीही गेल्या, आणि त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पण मला सांगायचाय तो मी सरांचं पत्र पेटीत टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग. चार वाजले तरी मी वर्गातून हललो नाही. त्या खोलीत आता पाऊल ठेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात शिपाई दारात आला. "सर बोलवत्यात. खटका दाबायला."

मी गेलो. डब्यावर नवा कागद चढला होता, काजळी ताजी होती, खिळ्याला नवा स्नायू होता. सर काडीचं टोक नीट करत होते. मी दारातच म्हणालो, "सर, आता दुसऱ्या कुणाला तरी बसवा. शास्त्रीबुवांना बोलवा."

सरांनी मान वर केली नाही.

"शास्त्रीबुवांचं बोट काय करतं ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुमचं काय करतं ते आता ठाऊक आहे. बसा."